चौदा ते अठरा : अनुशेषात न मोजलेली चार वर्षं



मराठवाड्यात विकासावर बोलायला उभं राहिलं की अनुशेषापासून, म्हणजे मागे राहिलेल्या विकासाच्या हिशेबापासून सुरुवात करावी लागते. ते योग्यही आहे, कारण हा हिशेब आपण भांडून मिळवलेला आहे. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी रुपये काढला आणि त्यातले सुमारे ७५१ कोटी मराठवाड्याच्या नावावर मांडले. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला आणि २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली. एवढ्या सगळ्या काळात आपण काय मोजलं? रस्त्यांचे किलोमीटर, सिंचनाचे हेक्टर, विजेचे पंप, दवाखान्यांच्या खाटा, शाळांच्या खोल्या. शिक्षण आणि आरोग्य या हिशेबात नव्हतं असं नाही. होतं, पण सोयींच्या रूपात होतं. खोली बांधली की अनुशेष तेवढा भरला. त्या खोलीत बसलेली मुलगी दहावीला पोचली की मधेच उठून गेली, हे विचारायची जागा त्या तक्त्यात नव्हती. सोयींचा हिशेब चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. तो अपुरा होता, आणि त्याचा अपुरेपणा एका ठरावीक वयात सर्वांत जास्त दिसतो, एवढंच आज मला मांडायचं आहे.

मानव विकास ही कल्पना नेमकी याच अपुरेपणातून जन्मली. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या सहकार्याने १९९० साली संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल काढला. त्यातली मांडणी साधी होती. देशाचं उत्पन्न किती यावर न थांबता माणूस किती जगतो, किती शिकतो आणि बऱ्यापैकी जगण्याइतकं त्याच्या हाती पडतं का, हे पाहायचं. २०२५ च्या अहवालात १९३ देशांमध्ये भारत १३० वा आहे. जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांत आपण पहिल्या पाचांच्या आसपास असतो आणि माणसांच्या मोजणीत १३० वे. ही दरी फक्त दिल्लीची नाही, ती महाराष्ट्राच्या पोटातही आहे. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१ होता, राज्याचा ०.७५२, आणि आपल्या हिंगोलीचा ०.६४८. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम यांच्या रांगेत, तळाशी. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला, म्हणजे प्रशासन जवळ आलं. जिल्हा परिषद आली, जिल्हा रुग्णालय आलं, कलेक्टर कचेरी आली. तरी तळाची जागा काही सुटली नाही. का सुटली नाही?

निर्देशांक या प्रश्नाचं उत्तर देत नाही. तो फार तर ताप किती आहे ते सांगतो, दुखणं कुठं आहे ते सांगत नाही. २०११ च्या जनगणनेत हिंगोलीची साक्षरता ७८ टक्के होती. पुरुषांची ८७ च्या घरात, स्त्रियांची ६९ च्या. हे आकडे पाहून आपण म्हणतो की मुलींचं शिक्षण मागे आहे. पण कुठल्या इयत्तेत मागे आहे? पहिलीत आज मुली येतात. चौथीपर्यंत, सातवीपर्यंत त्या टिकतात, पुष्कळदा मुलांपेक्षा पुढेही असतात. मग गळती कुठे होते? मला वाटतं, हा प्रश्न इयत्तेचा म्हणून पाहण्याऐवजी वयाचा म्हणून पाहिला, तर चित्र स्वच्छ होतं. आपल्या गावातल्या एका मुलीची आणि शासनाची भेट कोणकोणत्या वयात होते, ते ओळीने पाहू या.

जन्मापासून सहा वर्षांपर्यंत ती अंगणवाडीच्या नोंदवहीत असते. तिचं वजन होतं, तिला खाऊ मिळतो, लस मिळते. सहा ते चौदा या वयात शिक्षण हक्क कायदा तिच्या मागे उभा आहे. २०१० पासून तो अंमलात आहे आणि या वयात शाळा हा तिचा मूलभूत हक्क आहे. आठवीपर्यंत शाळेत तिला दुपारचं शिजवलेलं जेवण मिळतं. आणि चौदा वर्षं पूर्ण झाली की? हक्क संपला. आठवी झाली की ताटही संपलं. गावातली जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी सातवी-आठवीला थांबते. पुढची शाळा मोठ्या गावात, आणि अकरावी-बारावीचं विज्ञान घ्यायचं तर तालुक्याला. मग शासनाची आणि तिची पुढची ठळक भेट कधी होते? ती गरोदर असते तेव्हा. आशाताई घरी येतात, नोंद होते, तपासणी होते, मातृवंदना योजनेचे पैसे मिळतात. एकवीस वर्षांनंतर लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार आहेत. बारावी पार केलेल्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलीला २०२४ पासून उच्च आणि व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी आहे. म्हणजे लहानपणी शासन आहे, आई झाल्यावर आहे, आणि जी बारावीपर्यंत पोचली तिच्यासाठीही आहे. चौदा ते अठरा या वयात काय आहे? कायदा म्हणतो अठराच्या आत लग्न करू नका. पण चौदा ते अठरा तिने काय करायचं, याची हमी कुठलाच कायदा देत नाही. हक्क चौदाला संपतो आणि मनाई अठरापर्यंत चालते. या दोहोंमधली चार वर्षं कुणाचीच नाहीत.

आता कुणी म्हणेल, चार वर्षांचं एवढं काय? श्रोतेहो, या चार वर्षांत काय घडतं ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या आकड्यांत दिसतं. वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं. हिंगोलीत ते ३७ टक्क्यांच्या घरात, शेजारच्या परभणीत ४८. म्हणजे आपल्याकडे तिनातल्या एकीहून अधिक. या एका आकड्यातून बाकीचे आकडे निघतात. राज्यातल्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के स्त्रिया याच पाहणीत रक्तक्षयग्रस्त होत्या. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते. शाळा सुटली की बहुधा गोळीही सुटते. अशक्त शरीर, अपुरी वाढ, सतराव्या वर्षी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ, आणि त्या बाळाची खुंटलेली उंची. औरंगाबादहून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ पोषण मिशन सुरू झालं आणि त्या दशकात राज्याने खरोखर मोठं काम केलं. पाच वर्षांखालच्या खुंटलेल्या मुलांचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून ३४ वर आलं. पण त्यापुढच्या फेरीत ते ३५ झालं. घसरण थांबली. का थांबली? बाळाच्या जन्मानंतर जे करता येण्यासारखं होतं त्यातला मोठा भाग आपण केला. पुढची पायरी बाळाच्या आधी, आईच्या वयात आणि आईच्या शरीरात आहे, असा माझा निष्कर्ष आहे. अंगणवाडीत वजनकाटा कितीही अचूक ठेवला, तरी त्या काट्यावर बसणाऱ्या बाळाचं वजन आधीच ठरून आलेलं असतं.

मग आईबाप असं का करतात? इथे आपल्याकडे एक सोपं उत्तर तयार असतं: अडाणीपणा. मला हे उत्तर पटत नाही. दसरा-दिवाळी झाली की सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतल्या गावांमधून, तांड्यांवरून माणसं ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर निघतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा अर्धा कोयता. पोराचं लग्न झालं की घरात पूर्ण कोयता येतो. आणि मुलीच्या घरी? आई-बाप चार-पाच महिने कारखान्याच्या फडावर. पंधरा वर्षांची मुलगी ठेवायची कुणाजवळ? आजीजवळ ठेवली तर जिवाला घोर, बरोबर नेली तर उघड्या पालावर. शाळेत धाडावी तर शाळा सहा किलोमीटरवर आणि संध्याकाळी परतायला गाडी नाही. शिवाय मुलगी जितकी शिकेल तितका शिकलेला नवरा बघावा लागेल, आणि त्याचा हुंडा तितकाच चढा. या सगळ्या बेरजेत लग्न हे आई-बापांना सर्वांत कमी धोक्याचं वाटतं. तो हिशेब निर्दय आहे, पण हिशेबात चूक नाही. चूक आहे ती त्यांच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांत. आई-बापांच्या बुद्धीवर व्याख्यान देऊन हा हिशेब बदलत नाही. पर्याय बदलले तर बदलतो.

कायद्याबद्दलही हेच. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, अंगणवाडी सेविका त्याला मदतनीस. कुणीतरी १०९८ वर फोन करतं, पोलीस येतात, मांडव मोडतो, वर्तमानपत्रात बातमी येते. चांगलं आहे. पण कायदा पोचतो तो लग्नाच्या दिवशी. लग्नाचा निर्णय झालेला असतो सहा महिने आधी, ज्या दिवशी मुलगी शाळेत जायची थांबली त्या दिवशी. मोडलेल्या मांडवातून घरी आलेल्या मुलीचं दुसऱ्या दिवशी काय, हे कायदा विचारत नाही. आणि भीती एवढी वाढली की गरोदर अल्पवयीन मुलीला दवाखान्यात न्यायलाही घरचे कचरतात, कारण तिथे वय सांगितलं की गुन्हा दाखल होतो. तिला दवाखान्याची गरज सर्वांत जास्त, आणि तीच त्यापासून दूर राहते.

आता कुणी विचारेल, शासनाने या वयासाठी काहीच केलं नाही का? केलं. आणि त्यातलं उत्तम काम आपल्याच भागातून झालं, हे सांगायला मला आनंद वाटतो. मानव विकास कार्यक्रम २००६ मध्ये १२ जिल्ह्यांच्या २५ तालुक्यांत सुरू झाला, २०११ मध्ये तो २२ जिल्ह्यांच्या १२५ तालुक्यांत गेला. हिंगोली त्यात आहे. मुलींना शाळेत मोफत नेणारी निळी एसटी, आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल, गावोगाव अभ्यासिका, गरोदर मजूर स्त्रीला बुडीत मजुरी. यातलं बुडीत मजुरीचं कलम सोडलं, तर बाकी सगळं नेमकं चौदा ते अठराच्या पोकळीत येतं. हे चालतं का? बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या, आणि अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला. माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे तीस टक्क्यांनी वाढली, आणि परिणाम दिसला तो मुख्यतः शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत. अंतर कमी केलं की निर्णय बदलतो. आई-बाप तेच, जात-पात तीच, गरिबी तीच. बदललं फक्त अंतर.

इथे मला तीन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं, आणि तिन्ही आक्षेप वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा : आधी पोट, मग पुस्तक. पाणी द्या, कारखाने द्या, हळदीला भाव द्या, बाकी आपोआप येईल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी सिंचनाच्या विरोधात बोलतो आहे असं कुणी समजू नये. इसापूर आणि सिद्धेश्वर या धरणांनी जिथे पाणी दिलं तिथे जगणं बदललं, वसमतची हळद देशभर जाते. पण ‘आपोआप’ हा शब्द तपासून पाहा. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर आहे. तिथे पाणी आहे, कारखाने आहेत, सहकार आहे. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत सोलापुरात बालविवाहाचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्याहून जास्त. ऊस आला, पैसा आला, मुलीचं वय काही आपोआप वाढलं नाही. मुलींच्या जन्माचंही तेच. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्र श्रीमंत झाला, साक्षर झाला, आणि सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ९१३ वरून ८९४ वर आल्या. हिंगोलीचा आकडा त्याहून खाली. पैसा हवा, पण पैसा दिशा देत नाही. आणि याला एक उलट बाजूही आहे. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो प्रकल्प होतो आहे. २०२३ मध्ये त्याला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यातल्या गुरुत्वीय लहरी हिंगोलीत टिपल्या जातील. अभिमानाची गोष्ट आहे. पण तिथे काम करणाऱ्यांत औंढ्याच्या मुली किती असतील? ते प्रकल्पाच्या मंजुरीवर ठरणार नाही. औंढ्याच्या आसपासच्या गावांतून विज्ञान घेऊन बारावी किती मुली होतात, त्यावर ठरेल. नाहीतर प्रकल्प आपल्या जमिनीवर आणि पगार दुसऱ्यांच्या जिल्ह्यात, असं होईल.

दुसरा आक्षेप : योजनांची कमी कुठे आहे, पैसे तर वाटतोच आहोत. लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार मिळणार आहेत. चांगली योजना आहे. पण टप्पे नीट पाहा. जन्माला पाच हजार, पहिलीला सहा, सहावीला सात, अकरावीला आठ, आणि अठराव्या वर्षी पंच्याहत्तर हजार. सहावी ते अकरावी या मधल्या पाच वर्षांत, जिथे मुलगी गळते, तिथे काही नाही. आणि सर्वांत मोठी रक्कम अठरावं वर्ष पुरं होताच, म्हणजे लग्नाचं वय कायदेशीर होताच. ही रक्कम शिक्षणाला लागेल की मांडवाला? पश्चिम बंगालने २०१३ मध्ये कन्याश्री योजना काढली. तिचं जगभर कौतुक झालं आणि शाळेतली नोंदणीही वाढली. पण अठराच्या आतल्या लग्नांचं प्रमाण तिथे कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत ४१.६ टक्के होतं आणि पाचव्या फेरीतही ४१.६ च. बांगलादेशाने १९९४ पासून माध्यमिक शाळेतल्या मुलींना देशभर विद्यावेतन दिलं. मुली शाळेत आल्या, पण बालविवाह अजूनही तिथे फार आहेत. यातून काय शिकायचं? पैसे देऊ नयेत, असं नाही. रोख रक्कम घराच्या इतर गरजांत मिसळून जाते. एसटी मिसळून जात नाही, वसतिगृह मिसळून जात नाही, शाळेतलं ताट मिसळून जात नाही. ती मुलीलाच मिळतात आणि रोज मिळतात. शिवाय बारावीनंतर कमाईचा रस्ता दिसला नाही, तर चार वर्षं टिकवलेली मुलगीही अठरा पूर्ण होताच लग्नाला उभी राहील. म्हणून रोख हे जोडीला असावं, मुख्य नसावं.

तिसरा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो, पण घेतला जातो : सगळं मुलींसाठीच का? मुलांचं काय? गावोगाव तिशी ओलांडलेले, लग्न न जमलेले, हाताला काम नसलेले तरुण आहेत. त्यांचं दुःख खरं आहे. पण त्यांच्या लग्नाचा प्रश्न कुठून आला? दोन-तीन दशकांपूर्वी ज्या मुली जन्मू दिल्या नाहीत, तिथून. आणि मी आता जे सुचवणार आहे त्यातली एसटी मुलांना उतरवून धावणार नाही, नववी ते बारावीचं जेवण मुलग्यालाही मिळेल, ऊसतोडीला न जाता गावात थांबलेला मुलगाही हंगामी वसतिगृहात राहील. ज्याची अडचण जास्त त्याच्या मापाने सोय केली, की ती सगळ्यांना पुरते. उलट केलं तर पुरत नाही, हे आपण पाहिलंच आहे.

तर मग करायचं काय? मी मोठी यादी देणार नाही. पहिलं, शिक्षणाची हमी चौदावरून अठरापर्यंत न्यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा या वयाचं ध्येय मांडलं आहे. कायदा मात्र अजून सहा ते चौदावरच आहे. ही दुरुस्ती संसदेची आहे, पण तिची वाट न पाहता जिल्ह्यात जे करता येतं ते पुष्कळ आहे. दुसरं, निळ्या एसटीचं वेळापत्रक आगारात बसून न ठरवता शाळा-कॉलेज सुटण्याच्या वेळेवरून ठरावं, आणि ज्या गावातून नववीला मुली जातात पण अकरावीला जात नाहीत, त्या गावाची फेरी आधी लागावी. तिसरं, हंगामी वसतिगृहाची कल्पना आपल्याकडे रुळलेली आहे. ती प्राथमिकच्या लेकरांपुरती न ठेवता माध्यमिकच्या मुलामुलींसाठी वाढवावी, आणि मुकादमाची उचल वाटली जाते त्या आधी सुरू करावी. दिवाळीनंतर मंजुरी आली की मुलगी फडावर पोचलेली असते. चौथं, शाळेतलं जेवण बारावीपर्यंत. आणि पाचवं, मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते : मोजा. राज्याचा जिल्हानिहाय मानव विकास अहवाल २०१२ चा आहे आणि २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या आकड्यांवर आजच्या मुलीचं नियोजन होत नाही. पण प्रत्येक ग्रामपंचायतीला आपल्या हद्दीत चौदा ते अठराच्या किती मुली आहेत, किती शाळेत आहेत, किती फडावर आहेत, किती लग्न होऊन गेल्या, हे एका वहीत लिहायला कुठल्या आयोगाची गरज आहे? ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि मुख्याध्यापक या चौघांकडे ही माहिती सुटी सुटी आहेच. ती एकत्र करून, नावं न वाचता फक्त संख्या, वर्षातून दोनदा ग्रामसभेत वाचावी : एकदा जूनमध्ये, आणि एकदा दसऱ्याच्या आधी.

थोडक्यात सांगायचं तर, मोठ्या देशाचा मानव विकास मोठ्या आकड्यांत अडलेला दिसतो, पण तो अडतो एका अरुंद जागी. लहानपणाची काळजी आपण घ्यायला लागलो, आईपणाची घ्यायला लागलो, मधली चार वर्षं सोडली, आणि ती सोडल्यामुळे दोन्हीकडचा खर्च वाया जाऊ लागला. उत्पन्न वाढून हे आपोआप भरत नाही, हे सोलापूर सांगतं. नुसत्या रोख रकमेने भरत नाही, हे बंगाल सांगतो. अंतर कमी केलं तर भरू लागतं, हे बिहार सांगतो. यातलं कुठलंही सत्य हिंगोलीच्या आवाक्याबाहेरचं नाही.

संतश्रेष्ठ नामदेवांची नर्सी याच जिल्ह्यात आहे, आणि नामदेवांच्या बरोबरीने ज्या जनाबाईंचं नाव घेतलं जातं, त्या इथून जवळच्याच गंगाखेडच्या. दळणाकांडणात आयुष्य गेलेल्या बाईची बुद्धी किती मोठी असू शकते, हे या मातीला सातशे वर्षांपासून माहीत आहे. माहीत असणं आणि त्यासाठी तजवीज करणं यात फरक आहे. म्हणून पुढच्या निवडणुकीत, ती जिल्हा परिषदेची असो की विधानसभेची, उमेदवार गावात आला की रस्त्याचं विचाराच, पाण्याचंही विचारा. पण त्याच्या जोडीला एक प्रश्न आणखी विचारा : तुमच्या मतदारसंघातल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलींपैकी आज किती शाळेत आहेत, आणि पाच वर्षांनी किती असतील? ज्याला पहिला आकडा सांगता येणार नाही, त्याच्या दुसऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.